घरातल्या फोटोंसाठी परवडणारी झूम लेन्स: कड्यावरचे आकडे वाचून कशी निवडायची

तुळशीचं लग्न झालं की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीच्या पट्ट्यात कार्यालयांच्या तारखा मिळेनाशा होतात. ज्या घरात कॅमेरा आहे, त्या घरच्या पोराकडे किंवा पोरीकडे साखरपुडा, हळद, बारसं, डोहाळजेवण यांचे फोटो काढायचं काम आपसूक येतं. अंगणातले फोटो झकास येतात. तोच कॅमेरा सोप्यात नेला की चेहरे पुसट, हात हललेले, सगळ्यावर पिवळट झाक आणि काळ्या भागात दाणेच दाणे. मग लेन्स बदलायचा विचार सुरू होतो आणि पहिला सल्ला मिळतो तो जास्त झूमचा. १८-२०० घ्या, १८-३०० घ्या, नाहीतर ५५-२५० तरी घ्याच.

घरातल्या फोटोंसाठी हा सल्ला उलटा आहे. खोलीत लांबचं दिसत नाही अशी कुणाचीच तक्रार नसते, कमी पडतो तो उजेड. त्यामुळे पैसे कशासाठी मोजायचे हे ठरवण्याआधी लेन्सच्या पुढच्या कड्यावर छापलेले आकडे नीट वाचता आले पाहिजेत.

घरात शिरताच काय बिघडतं

उजेड लक्स या एककात मोजतात. भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो. एक-दोन ट्यूबलाइट असलेल्या सोप्यात माणसाच्या चेहऱ्यावर शंभर-दीडशे लक्स पडले तरी पुष्कळ झाले. डोळे अंधाराला सरावतात, म्हणून आपल्याला हा हजारपटीच्या घरातला फरक जाणवत नाही. कॅमेऱ्याला तो भरून काढावा लागतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे तीनच उपाय असतात. शटर स्पीड म्हणजे सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर, किती वेळ उजेड पडू द्यायचा. अपर्चर म्हणजे लेन्सच्या आतलं छिद्र किती उघडायचं. आणि आयएसओ म्हणजे मिळालेला उजेड किती वाढवून दाखवायचा.

पागोळ्यांखाली भांडं ठेवून पाणी भरावं तसं हे आहे. मुसळधार पावसात तांब्याही बघता बघता भरतो. रिमझिम असली की एकतर खूप वेळ थांबायचं, नाहीतर तांब्याच्या जागी परात ठेवायची. थांबण्याचा वेळ म्हणजे शटर आणि भांड्याचं तोंड म्हणजे अपर्चर. आयएसओने मात्र एक थेंबही जास्त मिळत नाही. तुटपुंजा उजेड फुगवला जातो आणि त्याच्याबरोबर दोषही फुगतात. फोटोत दिसणारे ते दाणे, ज्याला नॉइज म्हणतात, ते हेच.

कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स, जिला सगळे किट लेन्स म्हणतात, ती खोलीत तांब्याचं काम करते. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा मग शटर जास्त वेळ उघडा ठेवतो, म्हणून हात हलतो. आयएसओ वाढवतो, म्हणून दाणे येतात. कॅमेरा बिघडलेला नसतो, त्याच्या हातात दुसरं काही उरलेलंच नसतं.

कड्यावर काय लिहिलंय

किट लेन्सच्या पुढच्या कड्यावर बहुधा असं छापलेलं असतं: १८-५५ मिमी १:३.५-५.६. पहिली जोडी फोकल लेंथची. १८ ला खोलीचा मोठा भाग मावतो, ५५ ला लांबचं जवळ येतं. दुसरी जोडी अपर्चरची आणि खरी मेख तिच्यात आहे. १८ ला ही लेन्स एफ/३.५ पर्यंत उघडते. झूम करत गेलं की ३५ च्या आसपास साडेचार-पाचवर येते आणि ५५ ला एफ/५.६ च्या पलीकडे उघडतच नाही. चेहरा जवळून घ्यायचा म्हणून आपण ५५ ला जातो, आणि नेमका तिथेच उजेड सगळ्यात कमी मिळतो.

आकडा वाढला की छिद्र लहान कसं, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. तो आकडा भागाकाराचा आहे. फोकल लेंथला छिद्राच्या व्यासाने भागायचं. ५५ मिमीला एफ/५.६ म्हणजे छिद्र जेमतेम १० मिमी. ५० मिमीला एफ/२.८ म्हणजे सुमारे १८ मिमी. १.४, २, २.८, ४, ५.६, ८ अशी ही शिडी आहे आणि प्रत्येक पायरी उतरताना उजेड निम्मा होतो. ५.६ वरून २.८ वर आलात की दोन पायऱ्या चढलात, म्हणजे चौपट उजेड.

हा चौपट उजेड प्रत्यक्षात कसा दिसतो ते बघा. शंभर लक्सच्या सोप्यात साखरपुडा चाललाय. किट लेन्स ५५ वर, एफ/५.६, आयएसओ ३२००. शटर मिळतं सेकंदाचा १/४० वा भाग. नवरा-नवरी स्थिर बसलेत, तोवर हे चालून जातं. अंगठी घालायला हात पुढे गेला की बोटांचं धूसर शेपूट उमटतं, आणि नेमका तोच फोटो सगळ्यांना हवा असतो. त्याच जागी एफ/२.८ असेल तर तेवढ्याच आयएसओला १/१६० मिळतं आणि बोटं थांबतात. किंवा शटर १/१०० वर ठेवून आयएसओ २००० पर्यंत खाली आणता येतो, म्हणजे चेहरेही स्वच्छ येतात. अंदाजासाठी एवढं धरून चाला: बसलेल्या मोठ्या माणसाला १/१०० पुरतं, लहान मुलाला १/२५० लागतं, नाच किंवा लेझीम असेल तर १/५००.

म्हणून घरासाठी झूम घ्यायची तर अपर्चरचा एकच आकडा छापलेली घ्यावी. १:२.८ असं एकटं लिहिलं असेल तर ती लेन्स रुंद टोकाला आणि जवळच्या टोकाला सारखीच उघडते. १८-२०० किंवा १८-३०० सारख्या मोठ्या झूमवर दुसरा आकडा ५.६ किंवा ६.३ असतो. जत्रेला, गडावर, प्रवासाला त्या सोयीच्या आहेत. सोप्यात मात्र तुमच्या किट लेन्सला जे जमत नाही ते त्यांनाही जमत नाही, आणि त्या वजनाने जड असतात.

खोली टेपने मोजा

झूमचा आवाका किती हवा हे खोलीच्या मापावरून ठरतं. घरगुती कॅमेऱ्यांत बहुतेक करून क्रॉप सेन्सर असतो, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान. निकॉन आणि सोनीच्या अशा कॅमेऱ्यांत तो साधारण २३.५ बाय १५.६ मिमीचा, कॅननमध्ये त्याहून किंचित लहान. हिशेब सोपा आहे. समोर जेवढी लांबी चौकटीत मावायला हवी, तिला फोकल लेंथने गुणायचं आणि २३.५ ने भागायचं. उत्तर येतं ते तुम्ही किती लांब उभं राहायचं याचं.

आठ-दहा माणसांचा गट, रुंदी साडेतीन मीटर. १७ मिमीला अडीच मीटर मागे उभं राहावं लागतं, म्हणजे सव्वाआठ फूट. दहा बाय बाराच्या खोलीतही हे कसंबसं जमतं. २८ मिमीला हेच अंतर सव्वाचार मीटरच्या जवळ जातं, म्हणजे साडेतेरा फुटांवर, आणि तुम्ही भिंतीपलीकडे परड्यात जाऊन पोचता.

आता एकट्या माणसाचा उभा फोटो. डोक्यापासून पायापर्यंत, थोडी मोकळी जागा धरून दोन मीटर. ५० मिमीला सव्वाचार मीटर लागतात, म्हणजे चौदा फूट. इतका लांब सोपा बऱ्याच घरांत नसतो. पण कमरेपर्यंतचा फोटो ५० ला दोन मीटरवरून आरामात येतो, आणि चेहऱ्यासाठी हे अंतर उत्तम आहे. चेहरा वेडावाकडा दिसतो तो जवळ गेल्यामुळे. १८ मिमीवर दोन फुटांवरून चेहरा घेतलात तर नाक मोठं आणि कान मागे पळालेले दिसतात. दीड ते दोन मीटरवर राहिलात की चेहरा रोज दिसतो तसा येतो. म्हणून पोर्ट्रेटसाठी ५० च्या आसपासचं टोक लागतं आणि गटासाठी १७-१८ चं. दोन्ही एकाच लेन्समध्ये देणारा आवाका म्हणजे १७-५०.

पैसे मोजण्याआधी जुने घरातले दोनशे-तीनशे फोटो काढून बसा. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ लिहिलेली असते, मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर तपशील उघडला की दिसते. बहुतेक फोटो १८ ते २४ मध्ये असतील तर तुमची गरज रुंद टोकाची आहे. ५५ ला टेकलेले असतील तर पोर्ट्रेटची. हा अर्ध्या तासाचा उद्योग दहा लोकांच्या सल्ल्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

मागचं धूसर हवंय? आधी माणूस भिंतीपासून हलवा

पोर्ट्रेट म्हटलं की मागचं पडदे-कपाट विरघळून गेलेलं हवं असतं. छिद्र मोठं तितकं मागचं जास्त धूसर, हे बरोबर आहे. पण घरात त्याहून जास्त फरक पडतो तो माणूस आणि भिंत यांच्यातल्या अंतराने.

तुम्ही दोन मीटरवर आहात. बसलेली व्यक्ती भिंतीला जवळजवळ टेकलेली, मध्ये अर्धा मीटर. ५० मिमी एफ/२.८ ने भिंतीवरचा एखादा ठिपका चेहऱ्याच्या मापात साडेतीन मिमी एवढा पसरतो. आता किट लेन्सच ठेवा, ५५ वर एफ/५.६, पण खुर्ची पुढे ओढून भिंतीपासून दोन मीटरवर आणा आणि तुम्हीही तेवढेच मागे या. तोच ठिपका जवळजवळ पाच मिमी पसरतो. म्हणजे खुर्ची पुढे ओढण्याने जे झालं ते नव्या लेन्सनेही झालं नसतं. नवी लेन्स आणि पुढे ओढलेली खुर्ची दोन्ही असतील तर नऊ मिमी. पाठीमागे उघडं दार आणि पलीकडे माजघर किंवा परडं येईल असं बसवता आलं तर आणखीच चांगलं.

छिद्र मोठं केलं की एक गोष्ट सांभाळावी लागते. स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो. ५० मिमी, दोन मीटर अंतर, एफ/२.८ ला तो साधारण १८ सेंटिमीटर असतो, एफ/१.८ ला ११ च्या आसपास. एकट्याच्या चेहऱ्याला १८ पुरेसे आहेत. आजी पुढे खुर्चीवर आणि नातवंडं मागे उभी असा फोटो असेल तर एफ/५.६ वर जा, थोडं मागे सरका, नाहीतर मागचे सगळे पुसट येतील आणि लेन्सला दोष दिला जाईल. गटासाठी मोठं छिद्र वापरायचंच नसतं.

मग कोणती घ्यायची

क्रॉप सेन्सरचा जुना डीएसएलआर असेल, म्हणजे आरसावाला कॅमेरा, तर सगळ्यात शहाणपणाचा सौदा सेकंडहँड १७-५० एफ/२.८ चा. टॅम्रॉनची १७-५० एफ/२.८ २००६ मध्ये आली. नंतर तिचीच व्हीसी आवृत्ती निघाली, व्हीसी म्हणजे हाताचा कंप कमी करणारी यंत्रणा. शार्पनेसमध्ये व्हीसी नसलेली जुनी आवृत्ती बऱ्याच जणांना सरस वाटते, फक्त तिचं फोकस घुर्र आवाज करतं. सिग्माची १७-५० एफ/२.८ ओएस २०१० ची. तिचं फोकस शांत आहे आणि कंप रोखण्याची सोयही आहे. या तिघींतून घरगुती कार्यक्रमांसाठी एक निवडायची तर सिग्मा घ्यावी. कॅननची स्वतःची १७-५५ एफ/२.८ अजूनही उत्तम आहे, पण जड आहे आणि सेकंडहँडमध्येही भाव टिकवून असते.

सिग्माची १७-७० एफ/२.८-४ हा मधला मार्ग. ७० ला ती एफ/४ वर येते, म्हणजे किट लेन्सपेक्षा एकच पायरी चांगली, पण चेहऱ्यासाठी लांबी जास्त मिळते. घर मोठं असेल तर विचार करण्यासारखी आहे. सिग्माचीच १८-३५ एफ/१.८ ही २०१३ ची लेन्स उजेडाच्या बाबतीत झूममध्ये अफाट आहे. मात्र वजन आठशे ग्रॅमच्या वर, कंप रोखण्याची सोय नाही, आणि ३५ ला चेहऱ्यासाठी फार जवळ जावं लागतं. गट आणि सजावट यांसाठी घ्या, पोर्ट्रेटसाठी नको.

आरसा नसलेला नवा मिररलेस कॅमेरा असेल तर सिग्मा १८-५० एफ/२.८ डीसी डीएन बघा. २०२१ मध्ये सोनीसाठी आली, पुढे फुजीसाठी आणि २०२४ मध्ये कॅननच्या आरएफ, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्यांसाठीही. तीनशे ग्रॅमच्या आतबाहेर वजन, म्हणजे दिवसभर मानेला त्रास नाही. तिच्यात कंप रोखण्याची सोय नाही, आणि सोनी ए६४०० किंवा कॅनन आर५० च्या बॉडीतही ती नसते. व्हिडिओही काढायचा असेल तर सोनी आणि फुजीसाठी टॅम्रॉनची १७-७० एफ/२.८ आहे. ती जड आणि महाग, पण व्हीसी आहे आणि ७० पर्यंत २.८ टिकतं.

फुल फ्रेमवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या कॅमेऱ्यात जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर आहे त्यांच्यासाठी, टॅम्रॉन २८-७५ आणि सिग्मा २८-७०, दोन्ही एफ/२.८. कंपनीच्या २४-७० पेक्षा बऱ्याच स्वस्त. २४ च्या जागी २८ आल्याने साडेतीन मीटरच्या गटासाठी सव्वा फूट जास्त मागे जावं लागतं, एवढीच किंमत.

एक सापळा सांगायलाच हवा. पुढे कधीतरी फुल फ्रेम घेऊ म्हणून क्रॉप कॅमेऱ्यावर आजच २८-७५ घेतात. ते साडेतेरा फूट आठवा. पुढचा कॅमेरा येईपर्यंत प्रत्येक गटफोटोला दोन माणसं चौकटीबाहेर राहतात.

माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते तो साचा, आपल्या बॉडीचाच आहे ना हे विचारा. कॅननच्या डीएसएलआरसाठीच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स कंपनीचा अॅडॅप्टर लावून आरएफ कॅमेऱ्यावर चालतात. निकॉनमध्ये घोळ जास्त आहे. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांच्या आत फोकसची मोटर नसते. लेन्सच्या मागच्या धातूच्या कड्यावर खाच असलेला छोटा गोल स्क्रू दिसला तर ती लेन्स कॅमेऱ्याच्या मोटरवर फिरणारी आहे, तुमच्याकडे तिचं ऑटोफोकस चालणार नाही. टॅम्रॉन १७-५० निकॉनसाठी दोन्ही प्रकारांत निघालेली आहे, म्हणून विकणाऱ्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागवा. निकॉन झेड, म्हणजे निकॉनच्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठी कंपनीचा जो अॅडॅप्टर आहे, त्यातही ती मोटर नाही.

पण आयएसओ वाढवला की भागतंच ना?

काही अंशी भागतं. गेल्या दहा वर्षांतल्या कोणत्याही कॅमेऱ्यावर आयएसओ १६०० घाबरण्यासारखा नाही, ३२०० चालतो, आणि दाणे काढणारी सॉफ्टवेअर आता खूप सुधारली आहेत. मोबाईलवर पाठवायचे फोटो ६४०० लाही निभावतात. अल्बममध्ये छापायचे असतील तर मात्र ६४०० ला त्वचेचा पोत जातो, जरीचे काठ गिचमिड होतात, आणि दाणे पुसायला गेलं की चेहरा मेणाचा वाटायला लागतो. एफ/५.६ ला जिथे ६४०० लागतो, तिथे एफ/२.८ ला १६०० पुरतो.

त्यापेक्षा ५० एफ/१.८ स्वस्त नाही का?

आहे, आणि बरीच. झूम न होणाऱ्या लेन्सला प्राइम म्हणतात. कॅननची डीएसएलआरसाठीची ५० एफ/१.८ एसटीएम नवी कोरी दहा हजारांच्या आगेमागे मिळते आणि उजेड किट लेन्सच्या ५५ च्या टोकापेक्षा नऊ-दहापट देते. फक्त पोर्ट्रेट काढायचे असतील तर हीच घ्या आणि झूम विसरा. अडचण कार्यक्रमात येते. हळदीच्या गर्दीत मागे सरकायला जागा नसते आणि विधी तुमच्यासाठी थांबत नाहीत. एका क्षणी अख्खा मांडव हवा, दुसऱ्या क्षणी हात. किट लेन्स आणि ५० एफ/१.८ अशी जोडी हा सगळ्यात कमी खर्चाचा रस्ता आहे. दोन लेन्सची अदलाबदल करताना निसटणारे क्षण ही त्याची किंमत. क्रॉप कॅमेऱ्यावर लहान खोलीत एकच प्राइम हवी असेल तर निकॉनवाल्यांनी ३५ एफ/१.८ डीएक्स बघावी, २००९ पासूनची भरवशाची लेन्स आहे.

कंप रोखणारी यंत्रणा असेल तर एफ/२.८ कशाला?

कॅनन तिला आयएस म्हणतं, निकॉन व्हीआर, सिग्मा ओएस, टॅम्रॉन व्हीसी, सोनी ओएसएस. काम एकच, तुमच्या हाताचा कंप रोखणं. समोरचं बाळ पाय झाडतंय तो पाय ती थांबवत नाही. १/१५ ला देवघरातली समई आणि मखर सुरेख येईल, आरती करणाऱ्याचा हात मात्र धूर होईल. माणसांच्या फोटोंसाठी आधी उजेड, मग ही सोय.

फ्लॅश घेतला तर?

या प्रश्नाचं उत्तर लेन्स विकणारे सहसा देत नाहीत, पण अनेक घरांत लेन्सपेक्षा फ्लॅशने जास्त फरक पडतो. कॅमेऱ्यावरचा उघडणारा छोटा फ्लॅश इथे मोजायचा नाही. तो थेट तोंडावर मारतो, कपाळ चमकतं आणि मागे काळी सावली पडते. शिवाय १७-५० सारखी जाडजूड लेन्स लावली की तिचीच सावली फोटोच्या तळाशी काळ्या अर्धगोलासारखी येते.

वेगळा लावायचा, डोकं फिरवता येणारा फ्लॅश घ्या. डोकं वर आणि जरा मागे वळवून उजेड पांढऱ्या छतावर मारा. छतावरून परतताना तो पसरतो आणि खिडकीच्या उजेडासारखा मऊ पडतो. सुरुवातीला एफ/४, १/१२५, आयएसओ ८००, फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे किती मारायचं ते तोच ठरवेल. स्लॅबचं नऊ-दहा फुटांचं पांढरं छत असेल तर किट लेन्सही छान काम देते. बेळगावच्या टिळकवाडी किंवा शहापुरातल्या नव्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी लेन्सआधी फ्लॅश घ्यावा, असं ठामपणे सांगता येईल.

खानापूरकडच्या कौलारू घरात हे गणित मोडतं. मंगळुरी कौलं लाल, वासे काळपट, उंची जास्त. उजेड वर जातो तो बहुतेक वरच राहतो आणि जो परततो तो तांबूस होऊन येतो. लाकडी माळा असेल तर तसंच. अशा ठिकाणी फ्लॅश बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर मारा, किंवा दोन बाय तीन फुटांचा पांढरा थर्माकोल कुणाला तरी धरायला लावून त्यावर मारा. हिरव्या-गुलाबी डिस्टेंपरच्या भिंतीवर मारू नका, तो रंग चेहऱ्यावर उतरतो. पत्र्याचं वीस-पंचवीस फूट उंच छत असलेल्या कार्यालयातही वर मारून काही हाती लागत नाही. तिथे एफ/२.८ ची लेन्सच तारते.

आणि झोपलेल्या तान्ह्या बाळाजवळ किंवा लग्नाच्या होमाच्या वेळी फ्लॅश नको असेल तर पुन्हा तीच लेन्स.

फोटोत आडवे पट्टे का येतात?

नवी लेन्स घेतल्यावर काही जणांना हा अनुभव येतो आणि लेन्स खराब निघाली असं वाटतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे स्वस्त एलईडी आणि जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. किट लेन्सवर शटर १/४० असायचं तेव्हा हे लपून जायचं. आता १/२०० मिळायला लागलं म्हणून पट्टे उघडे पडले. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवा, म्हणजे उजेडाची पूर्ण आवर्तनं सामावतात. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर सुरू करा आणि सायलेंट शटर बंद ठेवा. रंग बदलणाऱ्या सजावटीच्या माळांचा वेग वेगळा असतो, तिथे चार फोटो घेऊन शटर मागेपुढे करत जुळवावं लागतं.

सेकंडहँड लेन्स कशी तपासायची

कोल्हापूर, हुबळी, पुण्याहून किंवा ऑनलाइन जुनी लेन्स घेताना स्वतःचा कॅमेरा सोबत न्या किंवा परत करण्याची मुदत लिहून घ्या. मग घाई न करता बघा.

दोन्ही टोपणं काढून मोबाईलचा टॉर्च एका बाजूने तिरका मारा आणि दुसऱ्या बाजूने आत पाहा. दोन-चार धुळीचे कण असतातच, फोटोत दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा बारीक मुळांसारखे पांढरे धागे म्हणजे बुरशी, ती लेन्स घेऊ नका. दुधाळ धुकं दिसलं तरी नको. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा चालतो, मागच्या काचेवरचा नाही.

लेन्स कॅमेऱ्याला लावून १७ आणि ५० या दोन्ही टोकांना, जवळच्या आणि लांबच्या वस्तूवर दहा-दहा वेळा फोकस करा. अडखळली, पुढे-मागे शोधत राहिली तर मोटर थकलेली आहे. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवून समोरून, कॅमेरा स्थिर ठेवून, एफ/२.८ ला फोटो घ्या. चारही कोपरे थोडे मऊ असणं ठीक आहे. एकच बाजू फार पुसट असेल तर लेन्स कधीतरी पडून आतली काच हलली आहे. डीएसएलआरवर हाच फोटो एकदा डोळा लावून आणि एकदा स्क्रीनवर बघून घ्या. स्क्रीनवरचा नेटका आणि डोळा लावून घेतलेला पुसट आला तर फोकस पुढे-मागे पडतंय. वरच्या दर्जाच्या कॅमेऱ्यांत ते जुळवण्याची सोय असते, साध्यांत नसते. शेवटी लेन्स खाली तोंड करून धरा. झूम आपोआप घसरत खाली आली तर आतली पकड सैल आहे, पण त्याने फोटो बिघडत नाही, भाव मात्र कमी करून घ्या.

नवी घेताना बिल आणि भारतातली वॉरंटी बघा. फारच स्वस्त मिळणारा आयात माल बहुधा वॉरंटीशिवाय असतो.

पावसाळ्यात लेन्स कुठे ठेवायची

जांबोटी, कणकुंबीकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडे वाळत नाहीत, तिथे लेन्सचं काय होत असेल ते सांगायला नको. बेळगाव शहरातही फार वेगळं नसतं. बुरशीला ओल, अंधार आणि बंद हवा लागते, आणि चामड्याचं कव्हर किंवा कपड्यांचं कपाट तिला हे सगळं आयतं देतं. किराणा ठेवायचा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलची पुरचुंडी आणि छोटा आर्द्रता मापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. केशरी रंगाचं जेल ओल शोषलं की हिरवं पडतं. ते स्वयंपाकाचं नसलेल्या वेगळ्या ताटलीत साधारण १२० अंशांवर तास-दोन तास तापवलं की पुन्हा केशरी होतं, गार करून परत डब्यात टाका. आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरा. पावसातून आल्यावर ओली लेन्स लगेच डब्यात कोंडू नका, पंख्याखाली सुकू द्या. बुरशी दिसलीच तर ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि लवकरात लवकर साफ करून घ्या. नुकतीच धरलेली बुरशी निघते. बरेच महिने राहिली की काचेवरचा लेप खाऊन टाकते आणि मग साफ करूनही डाग राहतो.